एका तांब्यानं काय हुतंय!

भर एप्रिलात आमच्या धाराशिवकडच्या अख्ख्या वाशीत एकच गोष्ट वाळत नव्हती, ती म्हणजे आमच्या आईच्या खोलीतली जमीन.

बाकी सगळं वाळलं होतं. विहिरी वाळल्या होत्या, दारातली कर्दळ वाळली होती, नळाच्या तोंडाला कोळ्याने जाळं केलं होतं. दोरीवर टॉवेल टाकला की त्याचं दुसरं टोक सरळ करेपर्यंत पहिलं टोक खडखडीत व्हायचं. गच्चीवर घातलेल्या कुरडया माझा चहा संपायच्या आत उचलायला यायच्या. आणि दार लावून, कुणी आत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम सोडून, देवघरासारखी जपलेली ती एक खोली... रोज ओली!

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पाण्याची वाफ कशी होते हे मी इतकी वर्षं शिकवतोय, की झोपेतसुद्धा फळ्यावर बाण काढू शकेन. (शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी ते झोपेतच काढतो.) तरीही माझ्याच घरात वाफ होईना. हे सगळं माझ्यामुळे झालं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचताना तुम्ही उगाच दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही. तो मी सगळ्यांवर घेऊन झालेला आहे.

झालं असं, की आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. बार्शीला. सोडताना डॉक्टर म्हणाले, "मावशींना आता वॉकर धरून चालायचंय. जमीन सपाट पाहिजे. खाचखळगे नकोत, गुळगुळीतही नको."

आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, पण ती पुढच्या खोल्यांतच. घर बांधताना फरशी तिथेच संपली आणि मागच्या खोलीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोबा करून घेतला. साहजिकच ती खोली आईला मिळाली. तिने त्या कोब्यावर मिरच्या कांडल्या, हळद कुटली, शिवणयंत्र चालवलं. कोब्याला ठिकठिकाणी खळगे पडले. एका खळग्यात तर मांजर पाय न लांबवता झोपू शकायचं. तिथे वॉकर घालणं म्हणजे आईला पुन्हा बार्शीला पाठवणं.

म्हणून जमीन होईपर्यंत आई ईट गावी माझ्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे राहिली. ताईचं घर चांगलं, दाजी तर त्याहून चांगले. पण आईच्या पिढीला लेकीच्या घरी घास उतरत नाही. दाजींनी कौतुकाने पाडाचे आंबे आणले, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घरी गेल्यावर खाईन." आंबे ईटला पिकले, नासले, आई वाशीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. रोज सकाळी तिचा फोन.

"दत्ता, झाली का रं खोली?"

"होतेय आई."

"लेकीच्या दारात किती दीस बसू? हितलं पाणीबी ग्वाड लागंना मला."

हे ऐकलं की फोन कधी ठेवतो असं मला व्हायचं. असं झालं की माझ्या तोंडून एकच गोष्ट बाहेर पडते. "हो हो."

या "हो हो"बद्दल सांगायला हवं. एकदा "हो" म्हटलं तर तो माझा होकार असतो. दोनदा म्हटलं, तर समोरच्याने आता बोलणं थांबवावं अशी माझी नम्र विनंती असते. हा फरक फक्त मलाच ठाऊक आहे, असा माझा समज होता.

व्हिनाईलच्या, म्हणजे गोंदाने चिकटवायच्या प्लास्टिकच्या टाईलची कल्पना दाजींची. त्यांनी स्वतःच्या दुकानाच्या जमिनीला लावल्या होत्या. "दत्तोपंत, डोळे झाकून टाका! पायाला मऊ, थंडीत गार लागत न्हाईत, घसरायचं तर नावच न्हाई." मी धाराशिवला जाऊन टाईल आणल्या. दुकानदाराने निघताना बजावलं, "सर, टाईल कुणीबी चिकटवतंय. खरं काम खालच्या जमिनीचं. ती साफ पाहिजे, सपाट पाहिजे आणि सुकी पाहिजे. सुकी म्हणजे वरवर नव्हं, आतून सुकी. न्हाईतर गोंद सुटला की टाईल पापडागत वर येतेत."

"हो हो," मी म्हणालो.

मिस्त्री शोधला, पण लग्नसराईत मिस्त्री सापडणं म्हणजे नवरदेव मोकळा सापडण्यासारखं. मग ठरवलं, आपणच करू. जमीन तयार करायची म्हणजे काय? झाडायची, बुजवायची, वाळवायची. तीन क्रियापदं! विज्ञानाच्या माणसाला एवढं येऊ नये?

पहिलं क्रियापद झाडणं. कोब्यावर इतक्या वर्षांचं तेल, हळद आणि दारापासून आत गेलेली, तैलरंगाने काढलेली लक्ष्मीची पावलं होती. रंगावर गोंद धरत नाही, म्हणून मी लोखंडी पत्री घेऊन ती खरवडायला बसलो. अण्णा उंबऱ्यावर येऊन बसले. अण्णांचं वय झालंय, पण नजर अजून कोर्टाच्या बेलिफासारखी आहे.

"लक्ष्मीची पावलं खरवडतुयास?"

"अण्णा, त्याच्यावर गोंद धरत नाही."

अण्णांनी थोडा विचार केला. "लक्ष्मीबी कुठं धरली म्हना. घास."

पत्रीने जमेना, तेव्हा मी भाड्याने घासायचं मशीन आणलं. बटण दाबलं आणि खोलीत काही दिसेनासं झालं. तो धुरळा खिडकीतून निघाला, जिना चढला आणि गच्चीवर शोभाच्या कुरडयांवर जाऊन शांतपणे बसला. भिंतीपलीकडून शेजारच्या अप्पांचा आवाज आला, "दत्ता! तेरखेड्याचे फटाके घरातच फोडतुयास का काय?"

अप्पा आमचे सख्खे शेजारी, भुसार मालाचे व्यापारी, अण्णांच्या बरोबरीचे. रोज सकाळी कपाळभर भस्म लावून दारात बसतात आणि गल्लीवर कृपादृष्टी ठेवतात. आईला वहिनी म्हणतात.

मी बाहेर आलो तेव्हा शोभा करड्या रंगाची कुरडई हातात धरून उभी होती.

"अहो, ही तळली तर फुलणार न्हाई."

"मग?"

"सेट होईल."

मी माफी मागितली. (त्या महिन्यात मी मागितलेल्या माफ्यांमध्ये ही सगळ्यात सोपी होती.)

दुसरं क्रियापद बुजवणं. जमीन सपाट आहे का हे पाहायला मी एक गोटी आणली. गोटी कुठेही ठेवली तरी घरंगळत त्या मांजराच्या खळग्यात जायची. मी सिमेंट कालवून खळगे भरले. मग सगळ्या जमिनीवर दुकानदाराने दिलेला पोत्यातला तयार माल ओतला. हा माल आपोआप पसरतो, आपोआप सपाट होतो आणि त्याला वरून पाणी मारायचं नसतं. पोत्यावर तसं छापलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी गोटी ठेवली, ती ठेवली तिथेच राहिली. अण्णांनी काठीने टोचून पाहिली, तरी जरा हलून परत थांबली. मला वाटलं, आयुष्यात एक तरी गोष्ट मी समपातळीत आणली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"सिमीट टाकलं का?"

"टाकलं."

"मग पानी मारतुयास न्हवं? सिमीट तान्ह्या लेकरावानी असतंय बाबा. येळच्या येळी पाजावं लागतंय, न्हाईतर भेगाळतंय."

आता तिला काय सांगू? की हा माल वेगळा आहे, याला पाणी चालत नाही? तिने आख्खं घर उभं राहताना पाहिलंय. स्लॅब टाकला तेव्हा दुष्काळ होता, तेव्हा अण्णांनी सायकलला घागरी बांधून पाणी आणलं आणि तिने ते चढवलं. आमच्याकडे माणूस एक वेळ पाहुण्याला चहा विचारायचा विसरेल, पण ताजं सिमेंट दिसलं की त्याचा हात आपोआप तांब्याकडे जातो. आईशी वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं.

"हो हो," मी म्हणालो.

पलीकडे आई नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या "बरं"कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

तिसरं क्रियापद वाळवणं. दुकानदाराने युक्ती सांगितली होती. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारी कडांना चिकटपट्टी लावायची आणि दुसऱ्या सकाळी पाहायचं. प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब दिसले तर जमीन आतून ओली, नाही दिसले तर टाईल लावायला मोकळे. उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची असते. शाळेला निघताना मी खोलीत डोकावायचो.

थेंब!

मनात म्हटलं, असू दे, नवा माल आहे. अजून काही दिवस थांबलो. पुन्हा थेंब. आठवडा गेला. थेंब तर होतेच, शिवाय आता ते टपोरे दिसू लागले होते! दुपारी शाळेतून आल्यावर पाहावं तर जमिनीवर काळसर डाग, जसा काही कुणी नकाशा काढलाय. एका कोपऱ्यात महाराष्ट्र, खिडकीखाली श्रीलंका.

"वाळली का?" ईटहून फोन.

"वाळत आलीय आई."

"घाई करू नगंस. मुरू दे चांगलं."

केवढी समजूतदार माझी आई! मी डोळे पुसले. तिकडे ताईने मागून फोन घेऊन हळूच सांगितलं, "दत्ता, आई अर्ध्या भाकरीवर आलीय रे. लवकर कर काहीतरी."

आता मात्र मला झोप लागेना. जमिनीत पाणी येतंय कुठून? मी विज्ञानाच्या पद्धतीने विचार केला. निरीक्षण केलं : श्रीलंका खिडकीखाली आहे. अनुमान काढलं : खिडकीपलीकडे अप्पांची भिंत, भिंतीला लागून अप्पांचा हौद. निष्कर्ष : अप्पांचा हौद झिरपतोय! अशा निष्कर्षाला मी मुलांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मी अप्पांच्या दारात गेलो.

"अप्पा, एक बोलायचं होतं."

"बोल की. बस आधी."

"तुमचा हौद गळतोय. आमच्या खोलीत ओल येतेय."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या तराजूत खोट काढली होती. एप्रिलमध्ये आमच्याकडे हौद गळतोय म्हणणं म्हणजे तिजोरी उघडी टाकून झोपता असं म्हणणं आहे.

"माझा हौद? अरं, टँकरची वाट बघून डोळ्याच्या खाचा झाल्या! पाणी गळाय लागलं तर म्या खाली तोंड लावून बसंन! तुझ्या भिंतीला कशापायी पाजू?"

"पण अप्पा, ओल तर येतेय..."

"लहानपणापास्नं बघतोय तुला. शिकलास, मास्तर झालास, पर आरोप कराय कवा शिकलास?"

अप्पा रागावले की गप्प बसत नाहीत, काहीतरी करून दाखवतात. त्यांनी गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या, "या गं, भरून न्या!" आणि भर उन्हाळ्यात आपला हौद घागरी-घागरीने वाटून रिकामा केला. तळ फडक्याने पुसला. मग मला बोलावून म्हणाले, "उतर आत. बघ कुठं ओल हाय ती."

मी उतरलो. हौद माझ्या घशासारखा कोरडा होता. वर गल्लीतल्या सगळ्या बायका कडेवर घागरी घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मी हौदातूनच माफी मागितली. ती घुमली, त्यामुळे दोनदा ऐकू आली.

दुसऱ्या सकाळी प्लास्टिक उचललं. थेंब!

आता अप्पा निर्दोष सुटले होते, पण त्यांना नुसतं सुटायचं नव्हतं, खरा गुन्हेगार पकडून द्यायचा होता. दोन दिवसांनी मी शाळेतून आलो, तर घरासमोर चपलांचा ढीग. धावत आत गेलो तर आईच्या खोलीत अर्धी गल्ली उभी आणि मधोमध एक म्हातारा, तळहातावर नारळ आडवा धरून, डोळे मिटून फिरत होता. पाणाड्या! म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा. अप्पा त्याला मुद्दाम शेजारच्या गावाहून घेऊन आले होते.

"माझं न्हाई, तर पाणी कुणाचं?" अप्पा कुजबुजले. "जमिनीचं! दत्ता, तुझ्या आईच्या खोलीखाली झरा हाय."

"अप्पा, असं काही नसतं..."

तेवढ्यात पाणाड्या श्रीलंकेवर आला आणि तळहातावरचा नारळ ताडकन उभा राहिला. गल्लीने एकदम श्वास घेतला.

"बक्कळ हाय," पाणाड्या डोळे न उघडता म्हणाला.

त्यानंतर माझ्या घरावरचा माझा ताबा संपला. कोण म्हणालं बोअर घ्यायचा, कोण म्हणालं गल्लीला मिळून एक टाकी बांधायची. बोअरचं मशीन आत कसं येणार, असा प्रश्न निघाला. "मागची भित काढायची की! भित काय, परत बांधता येती!" मागची भिंत म्हणजे आईच्या खाटेमागची. मी म्हणालो, "अहो, इथे आईला चालायचंय." तर एक वहिनी म्हणाल्या, "चालतील की बोअरच्या कडंनी! घोटभर पाणीबी पितील उठून." सगळे एकदम बोलत होते. मी उभ्या उभ्या इतका दमलो, की एकाने माझा खांदा धरून, "मग मास्तर, भित काढायची ना?" असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडलं,

"हो हो."

लगेच कुणीतरी बोअरवाल्याला फोन लावायला बाहेर पळालं. माझं मलाच कळेना मी काय बोललो. अण्णा कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून उभे होते. शोभा दारात पदराशी चाळा करत होती. मला वाटलं, घराची भिंत जाणार म्हणून दोघं सुन्न झालीत.

आणि ईटचा फोन वाजला. गर्दीत फोन उचलताना चुकून स्पीकर दाबला गेला.

"दत्ता, कसला गलका हाय रं?"

मी उत्तर द्यायच्या आधीच अप्पा ओरडले, "वहिनी, आनंदाची बातमी! तुमच्या खोलीत पाणी लागलं!"

"पानी?" आई म्हणाली. "लागंल की. रोज मारत्यात न्हवं!"

पाणाड्याने डोळे उघडले आणि नारळ आडवा झाला.

"कोण मारतंय आई?" मी विचारलं.

"तू तर मारत न्हाईस. तू 'हो हो' म्हनलास तवाच म्या वळखलं. कवाधरनं आई हाय म्या तुजी! म्हनून ह्यास्नी सांगितलं, रोज सकाळी पानी मारत जावा म्हनून. पर त्येंचं वय झालं, इसरतील. म्हनून शोभालाबी सांगितलं. तिला कामं मरनाची. म्हनून अप्पा भावजींनाबी सांगून ठिवलं. म्हनलं, तिघातला एक तरी मारंल!"

मी हळूहळू मान वळवली. तिघंही माझ्या नजरेला नजर देत नव्हते. एकजण छताकडे पाहत होता, एकजण काठीकडे, एकीचा पदर पार दोरीसारखा पिळला गेला होता.

"अण्णा?"

"तू साळंला गेलास की एक बादली," अण्णा म्हणाले. "सिमीट सुकवाय निघालास! सुकलं की मरतंय ती. तुला सांगून आयकलं असतंस व्हय?"

"शोभा?"

"अहो, अण्णा मारत्यात हे मला कुठं ठाऊक! मी आपला भांडी झाल्यावर एक तांब्या... आईंनी सांगितलं म्हणून. एका तांब्यानं काय हुतंय!"

"अप्पा! तुम्ही तर हौद रिकामा केलात!"

अप्पांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळत होतं. "पिण्याच्या माठातलं घेत हुतो. खिडकीतनं एकच तांब्या. एका तांब्यानं काय हुतंय?"

"पण आपलं भांडण झालं होतं ना?"

"भांडण तुझ्याशी झालं हुतं," अप्पा ताठ होऊन म्हणाले. "वहिनीशी न्हाई."

मी मटकन खाली बसलो. बसलो तर लेंगा ओला झाला. बरोबर श्रीलंकेवर बसलो होतो. तेवढ्यात शोभाचं डोकं चाललं. "अण्णा, पण बादलीभर पाणी आणलं कुठनं? मी तर पाणी मोजून देते. तुम्हाला अंघोळीची एक बादली..." ती बोलता बोलता थांबली.

"तीच की," अण्णा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही अंघोळ?"

"अंग पुसतो वल्या फडक्यानं. ह्या वयात मला कुठं लग्नाला जायाचं हाय." मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता म्हणाले, "म्हातारीला चालायचं हाय त्येच्यावर. पक्कं नगं का?"

फोनमधून आई म्हणाली, "आता बास करा म्हनावं. अंघुळ करा."

गल्ली पांगली. बोअरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगताना मला तिसऱ्या माफीचा प्रसंग आला. पाणाड्या मात्र जाताना नारळ घेऊन गेला, आणि त्याला कुणी काही म्हणू शकलं नाही. नारळाने पाणी दाखवलं होतं आणि पाणी होतं. त्या महिन्यात आमच्या घरात खरं बोललेला तो एकटाच!

पाणी बंद झाल्यावर जमीन वाळली. एप्रिलच तो, किती दिवस लागणार? एके सकाळी प्लास्टिक उचललं तर आत एकही थेंब नव्हता. मी ते प्लास्टिक शोभाला दाखवलं, अण्णांना दाखवलं, अप्पांना खिडकीतून दाखवलं. मग गोंद पसरला आणि टाईल लावल्या. एकही पापडासारखी वर आली नाही. लाकडासारखा रंग, पायाला मऊ. अण्णा रोज अंघोळ करून त्यावर अनवाणी एक फेरी मारायचे आणि "बरी हाय" म्हणायचे. अण्णांच्या तोंडून ही पदवी घराला अजून मिळालेली नाही, मला तर नाहीच.

फक्त एक काम उरलं होतं. उंबरा ओलांडताना वॉकर अडला असता, म्हणून उंबऱ्याच्या बाहेर मी एक छोटा उतार केला. पोत्यातला माल संपला होता, तेव्हा साधं सिमेंट आणि वाळू. आता मी शहाणा झालो होतो. घरात सगळ्यांना एकत्र बसवून कडक शब्दांत सांगितलं, "याला कुणी एक थेंबसुद्धा लावायचा नाही! तांब्या नाही, बादली नाही, खिडकीतून तर मुळीच नाही!" तिघांनीही माना डोलावल्या. अण्णा काहीतरी बोलायला गेले, पण मी हात वर केला. अण्णांनी शब्द पाळला, शोभाने पाळला, अप्पांनी तर त्या बाजूची खिडकीच लावून घेतली.

दाजी आईला गाडीतून घेऊन आले. ताईने बरोबर आंब्यांची पेटी दिली होती. गल्ली दारात जमली. अण्णा सकाळीच अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून उभे होते. शोभाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आईने वॉकर धरला, एक एक पाऊल टाकत अंगण ओलांडलं. तिच्या चेहऱ्यावर ईटला असताना नव्हता असा रंग आला होता. ती उतारापाशी आली आणि वॉकरचे पुढचे पाय तिने त्यावर टेकवले.

कर्रर्र!

उताराचा कोपरा बिस्किटासारखा मोडला. भेगा वर पार उंबऱ्यापर्यंत गेल्या. आईला काही झालं नाही. एका बाजूने अण्णांनी धरलं, दुसऱ्या बाजूने शोभाने, आणि अप्पा मागे दोन्ही हात पसरून उभे राहिले. सगळे थांबले. आईने वाकून त्या भुग्याकडे पाहिलं. नखाने जरासा उकरला. बोटांत चोळला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"दत्ता," ती म्हणाली, "ह्याला पानी मारलं हुतंस न्हवं?"

तिघंही माझ्याकडे पाहत होते. गल्ली माझ्याकडे पाहत होती. मी खरं बोलायचं ठरवलं, तोंड उघडलं, आणि माझ्या कानांवर माझाच आवाज आला,

"हो हो."